मिरजेत तंबोरा घेताना: सतारमेकर गल्लीचा परखड आढावा

तंबोरा घ्यायचा असेल तर मिरजेला स्वतः जा, आणि ज्याच्या गळ्यासाठी तो घ्यायचाय त्याला बरोबर न्या. फोटो बघून, फोनवर बोलून, पार्सलने मागवलेला तंबोरा दिसायला फोटोसारखाच येतो. आवाज मात्र नशिबावर असतो. सतारमेकर गल्लीत पैसे मोजायचे ते जवारीसाठी, म्हणजे आवाज भरून खुलावा म्हणून तारांखालच्या घोडीला घासून दिलेल्या आकारासाठी, आणि ती लावणाऱ्या कानासाठी. भोपळा, लाकूड, नक्षी यांचा नंबर त्यानंतर लागतो. पहिल्यांदा येणारी बहुतेक गिऱ्हाइकं नेमकं उलट करतात: आधी नक्षी, मग पॉलिश, मग किंमत, आणि शेवटी दोन मिनिटं तारा छेडून बघायच्या.

गल्ली शोधणं सोपं आहे. मिरज जंक्शनला उतरून रिक्षावाल्याला ‘सतारमेकर गल्ली’ म्हटलं की पुरतं. मुंबई-पुण्याहून महालक्ष्मी एक्सप्रेसने आलात तर पहाटे पोचाल. गल्लीतली दुकानं लहान आहेत, पुढे विक्री आणि मागे किंवा वर कारखाना. दारातच कोणी भोपळ्यावर पॉलिशचा बोळा फिरवत बसलेला दिसेल. शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्या घराण्यांतले कारागीर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर वाद्यांकडे वळले, त्यात फरीदसाहेब सतारमेकरांचं नाव पहिलं घेतात. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांनी गाण्याला आश्रय दिला, गवई आले, त्यांच्या वाद्यांची डागडुजी करायला हात लागले, आणि त्यातूनच नवी वाद्यं घडायला लागली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. ते मानांकन वाद्य मिरजेचं आहे एवढं सांगतं. समोरचा नग चांगला आहे की नाही हे तुमचं तुम्हालाच ठरवावं लागतं.

दुकानात शिरताना एक गोष्ट ठाम माहीत हवी: आपला सूर. ‘पुरुषाला हवाय’, ‘बाईला हवाय’ एवढं सांगून भागत नाही. पेटीच्या पट्ट्यांत सांगायचं तर पुरुषांचा सूर साधारण पांढरी एक ते काळी दोन, बायकांचा पांढरी पाच ते काळी पाच, पण काळी चारवर गाणारे तरुण मुलगे आणि काळी दोनवर गाणाऱ्या बायकाही आहेत. तंबोऱ्याची तारेची लांबी, म्हणजे भोपळ्याच्या बाजूला तारा टेकतात त्या घोडीपासून वर खुंट्यांजवळच्या मेरूपर्यंतचं अंतर, या सुरावर ठरते. जेन्ट्स तंबोऱ्यात ती एक मीटरच्या आसपास असते, लेडीज तंबोऱ्यात त्याच्या पाऊणपट. मूळ सुरापासून एखादा सूर वर-खाली केला तर वाद्य तक्रार करत नाही. त्यापलीकडे गेलं की वर तारा तुटतात, आणि खाली तारा ढिल्या पडून घोडीवर लोळायला लागतात. मग जवारी कितीही उत्तम असो, आवाज फसफसतो. ‘हा सगळ्या सुरांना चालतो’ असं कोणी सांगितलं तर तो तंबोरा बाजूला ठेवा. घरात नवरा-बायको दोघं गातात आणि दोघांत एकच घ्यायचाय, तर तडजोड करू नका. जो जास्त रियाज करतो त्याच्या सुराचा घ्या.

आता भोपळा. तो येतो पंढरपूर-मंगळवेढ्याच्या पट्ट्यातून. खायचा नव्हे, कडू जातीचा, वाद्यासाठी म्हणूनच पिकवलेला. वेलावरच नीट वाळू दिलेला आणि उतरवल्यावरही बराच काळ सावलीत ठेवलेला भोपळा हवा. घाईत वापरलेला भोपळा पुढे आकसतो आणि गळ्याशी, म्हणजे दांडीला जोडतो तिथे, सांधा उघडतो. तयार वाद्यात हे ओळखायचं कसं? बोटाच्या पेराने भोपळ्यावर सगळीकडून टिचकी मारत जा. आवाज कोरडा, पोकळ आणि सगळीकडे जवळपास सारखा यायला हवा. एखाद्याच ठिकाणी आवाज मेला, तर तिथे आतून जोड आहे किंवा कवच पातळ आहे. मग उजेडात तिरपं धरून बघा: पॉलिशखाली सरळ जाणारी रेघ दिसली, किंवा एकाच ठिकाणी पॉलिश जास्त गडद आणि जाड असलं, तर तिथे तडा बुजवलेला असण्याची शक्यता मोठी. बुजवलेला भोपळा वाईटच असतो असं नाही, चांगला कारागीर तो आतून कापड लावून असा पक्का करतो की वर्षानुवर्षं काही होत नाही. पण ते लपवून नव्या किमतीत विकणं हे गैर, आणि विचारल्यावर सरळ उत्तर मिळतं की नाही यावरून दुकान कळतं. बारीक भोकं आणि त्यांतून पडणारी पिवळसर भुकटी दिसली तर मात्र घासाघीस न करता निघा. ती कीड आहे, ती घरातल्या दुसऱ्या वाद्यातही जाते.

दांडी आणि तबली, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरची पाटी, तुणीच्या लाकडाची असते. दांडी सरळ आहे का हे डोळ्यांनी कळत नाही. मेरूपासून गळ्यापर्यंत एक दोरा ताणून धरा आणि खालची फट बघा. किंचित बाक चालतो. मधोमध बोट जाईल इतकी फट असेल तर तारांच्या ताणाने दांडी अजून वाकणार. तबली थोडी फुगीर हवी. घोडीच्या खाली ती बसलेली, खोलगट दिसली तर लाकूड पातळ कातलं गेलंय. सुरुवातीला असा तंबोरा मोठा, घुमणारा आवाज देतो म्हणून दुकानात भुरळ पडते. दोन पावसाळ्यांनी तबली आणखी बसते, घोडीचा कोन बदलतो, आणि जवारी काही केल्या टिकत नाही.

जवारीवर सगळ्यात जास्त वेळ घालवा. घोडी वरून सपाट पाटासारखी दिसते, पण ती सपाट नसते. मागून पुढे तिला डोळ्याला न जाणवणारा उतार असतो, आणि तार त्या उतारावरून हवेत सुटताना कडेला वारंवार स्पर्श करत थरथरते. त्या स्पर्शातून वरचे स्वयंभू, म्हणजे मूळ सुरातून आपोआप उमटणारे, सूर फुटतात. तार आणि घोडीच्या मध्ये सुताचा दोरा सरकवून हा स्पर्श नेमक्या जागी आणायचा असतो. कारागीर काम करतो ते असं: तारा उतरवतो, घोडी हातात घेऊन उजेडाकडे धरतो, तारांनी पाडलेल्या खाचा बघतो. मग बारीक कानशीने तारेच्या दिशेनेच, हलक्या हाताने, पाच-सहा घास. फुंकर मारून पॉलिश पेपर. घोडी जागेवर, तारा चढवून सुरात, दोरा आत, एकेक तार छेडून कान भोपळ्याजवळ. मान हलते, तारा पुन्हा उतरतात. हे चक्र एकेका तारेसाठी अनेकदा चालतं. घाई केली तर एक घास जास्त पडतो आणि मग सगळी पातळी पुन्हा खाली आणावी लागते, म्हणून त्या वेळात त्याच्याशी बोलू नका.

तपासायची रीत साधी आहे. खर्जाची, म्हणजे सर्वात खालच्या ‘सा’ची, तार एकटी छेडा आणि दोरा केसभर केसभर पुढे सरकवा. आवाज बंद, मग हळूहळू खुलत जाऊन भरलेला, मग पुन्हा बंद असा जायला हवा. खुललेल्या जागेची रुंदी दोऱ्याच्या जाडीइतकी तरी हवी. त्याहून अरुंद असेल तर घरी रोज ती जागा शोधत बसाल. खुल्या जागी खर्जातून गंधार स्पष्ट ऐकू आला पाहिजे. पाचवा स्वयंभू सूर आहे तो, आणि तो धूसर असेल तर घोडीचा उतार बिघडलेला आहे. पंचमाच्या तारेतून तसाच निषाद डोकावतो. आता चारी तारा ओळीने वाजवा. चौघींचा पोत एकसारखा हवा: एक खणखणीत, दुसरी मुकी, असं चालत नाही. उतार कमी, घोडी फार सपाट, तर आवाज खरखरतो आणि लवकर विझतो. उतार जास्त, तर आवाज मुका पण लांब. या दोन टोकांच्या मधलं माप प्रत्येक गायकाचं वेगळं असतं.

इथे एक सावधगिरी. दुकानात मांडलेल्या वाद्यांची जवारी बहुधा फार खुली ठेवलेली असते, कारण गल्लीच्या गोंगाटात तीच उठून ऐकू येते. महिन्याभरात तारा घोडीत थोड्या रुततात, स्पर्श वाढतो, आणि तीच जवारी चरचरायला लागते. म्हणून ‘थोडी बंद ठेवा’ असं स्पष्ट सांगा. आणि ऐकायला सकाळी लवकर जा, किंवा आतल्या खोलीत बसू द्या म्हणा. कुठलंही भलं दुकान नाही म्हणत नाही. नाही म्हणालं, तर गल्लीत इतर दुकानं आहेत.

घोडी कशाची, हेही विचारा. उंटाचं हाड सर्वात टिकाऊ आणि आवाजाला तेज देणारं. शिसवी किंवा आबनुसी लाकडाची घोडी मऊ, गोल आवाज देते, पण खाचा लवकर पडतात. सिंथेटिक घोडी सारखी पांढरीशुभ्र असते आणि हवामानाने फारशी बदलत नाही; हाडावर मात्र उजेडात बारीक रेषा आणि ठिपके दिसतात. परदेशी नेणार असाल तर सिंथेटिकच घ्या, विमानतळावर हाडावरून प्रश्न येत नाहीत. सांबरशिंग किंवा जुना हस्तिदंत कोणी ‘खास’ म्हणून पुढे केला तर हात लावू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार तो व्यवहार बेकायदेशीर आहे.

तारांची आणि खुंट्यांची परीक्षा शेवटी. पहिली तार पंचमात लावून मग ती मध्यमावर उतरवा आणि निषादावर चढवा. मारवा, पुरिया गाणाऱ्याला निषाद लागतोच. पंचमावरून निषादावर गेलं की तारेचा ताण दीडपटीहून जास्त होतो, त्यामुळे तार तुटते का आणि खुंटी मागे सरकते का, हे दोन्ही तिथेच कळतं. खुंटी दांडीच्या दोन्ही भोकांत घट्ट बसलेली हवी. एकाच बाजूला धरली असेल तर ती पिळवटते. सरकणाऱ्या खुंटीला खडू लावतात, तेल कधीच नाही. मधली जोड, म्हणजे एकाच ‘सा’च्या दोन तारा, लावून दोन्ही एकदम छेडा, आवाजात लाटा येता कामा नयेत. तारांत ओवलेले, सूर बारीक मिळवायचे मणी वर-खाली दोन्हीकडे सरकायला जागा ठेवून बसवलेत का बघा. मणी लंगोटाला, म्हणजे तारा खाली अडकवतात त्या पट्टीला, टेकलेले असतील तर बारीक सूर मिळवायला वावच उरत नाही. लेडीज तंबोऱ्यात पहिली तार बहुधा पोलादी आणि जेन्ट्समध्ये पितळी असते, खर्ज दोन्हीकडे पितळी. चारही तारांचे गेज नंबर कागदावर लिहून घ्या आणि त्याच रिळातून दोन संच जास्त कापून घ्या. घरी आल्यावर वेगळ्या जाडीची तार चढवली की जवारी गेलीच म्हणून समजा.

पैशांबद्दल. किंमत भोपळ्याच्या घेरावर, घोडीवर आणि नक्षीवर चढते, आणि यात नक्षीचा वाटा गिऱ्हाइकाला वाटतो त्याहून बराच मोठा असतो. वेलबुट्टी, सेल्युलॉइडच्या पट्ट्या, गळ्यावरची कोरलेली पानं यांचा आवाजाशी संबंध नाही. बजेट तोकडं असेल तर साधी, नक्षीविरहित वाद्यं दाखवा म्हणा आणि उरलेले पैसे मोठा भोपळा आणि चांगली घोडी यांत घाला. किंमत एकत्र न विचारता सुटी विचारा: वाद्य किती, घोडी बदलली तर किती, केस किती, पॅकिंग किती. बिलावर तारेची लांबी, भोपळ्याचा घेर आणि घोडीचा प्रकार लिहून घ्या. आमच्या मते एवढं लिहून द्यायला कां-कूं करणाऱ्या दुकानातून घेऊ नये.

तयार घ्यावा की ऑर्डर द्यावी? हातात वाजवून, आपल्या सुरात ऐकून आवडलेला तयार तंबोरा असेल तर तोच घ्या, दुसरा तसाच होईल याची हमी कोणीच देऊ शकत नाही. नेहमीच्या मापात न बसणारा सूर असेल, बुटकी चण असेल किंवा दोन तंबोऱ्यांची जोडी हवी असेल तेव्हा ऑर्डर द्या. जोडीचे दोन्ही भोपळे एकाच वेळी निवडलेले असले पाहिजेत. ऑर्डर दिलीत तर पॉलिश चढण्याआधीचे फोटो मागा, भोपळ्याचे सगळ्या बाजूंनी. तडे आणि ठिगळं तेव्हाच दिसतात. वेळ काही आठवडे ते दोन-तीन महिने धरा. हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा उत्तम. पावसाळ्यात लाकूड फुगलेलं असतं, लाखेचं पॉलिश नीट सुकत नाही, आणि जुलैत लावलेली जवारी जानेवारीत बदललेली आढळते. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळेला काम थांबतं, त्या हिशेबाने जा.

जवारीला वेळ लागतो, तेवढ्यात मिरज बघून होते, आणि ज्याला गाण्याचं वेड आहे त्याने ती बघायलाच हवी. गल्लीपासून ख्वाजा मीरासाहेब दर्गा जवळ आहे. त्याच आवारात किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे. १९३७ मध्ये ते वारले. खाँसाहेब स्वतः वाद्यदुरुस्तीत वाकबगार होते आणि सुराच्या बाबतीत त्यांचा कान किती काटेकोर होता हे त्यांच्या जुन्या ध्वनिमुद्रिकांतल्या तंबोऱ्यावरूनही कळतं. उरुसात दर्ग्याच्या आवारात त्यांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते, नावाजलेले आणि नवखे कलावंत तिथे हजेरी लावतात. मांडी घालून जमिनीवर बसायचं, तिकीट नाही. उरुसाचा पहिला गलेफ, म्हणजे कबरीवर चढवायची चादर, चर्मकार समाजाचा असतो, ही इथली जुनी प्रथा. तारीख हिजरी कालगणनेवर असल्याने दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे येते, त्यामुळे गेल्या वर्षीच्या तारखेवर भरवसा ठेवून तिकीट काढू नका. उरुसात खरेदी मात्र टाळा. कारागीर पाहुण्यांच्या वाद्यांच्या दुरुस्तीत गुंतलेले असतात. नवरात्रात अंबाबाईच्या देवळातल्या संगीत सभाही ऐकण्यासारख्या. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे विष्णु दिगंबर पलुस्कर शिकले ते याच गावात. शेजारच्या सांगलीत विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ केलं, म्हणून ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. त्या सुमाराला आलात तर सांगलीचं भावे नाट्यमंदिरही पदरात पडेल, आणि खरेदीचा हंगामही तोच.

घरी नेणं हे अर्ध्याहून जास्त नुकसानीचं कारण आहे. चारी तारा दोन-तीन सूर उतरवा, पूर्ण सोडू नका. पूर्ण सोडल्या तर घोडी हलते. घोडीच्या पायांभोवती तबलीवर पेन्सिलीने बारीक खूण करून ठेवा आणि तारांखाली, घोडीच्या पुढे, मऊ कापडाची घडी सरकवा. फायबरची केस घ्या. कापडी गवसणी धूळ अडवते, धक्का नाही. रेल्वेत वरच्या बर्थवर, भोपळा भिंतीच्या बाजूला. एसटीच्या डिकीत कधीच नाही. गाडीने नेत असाल तर मागच्या सीटवर ठेवा आणि मे महिन्यात बंद गाडी उन्हात उभी करून जेवायला जाऊ नका: लाख मऊ पडते, सांधे सुटतात. ट्रान्सपोर्टने पाठवायचाच झाला तर लाकडी पेटी, चारी बाजूंनी भुसा किंवा थर्माकोल, आणि विमा. पेटी आली की पार्सलवाला असतानाच उघडून भोपळ्याचा फोटो काढा. अमेरिका-युरोपात हीटरने कोरड्या पडलेल्या घरात तबलीला चीर जाते. खोलीत ओलावा राखायचं यंत्र ठेवल्याशिवाय तिथे तंबोरा नेऊ नये.

विक्रीनंतरच्या सेवेत गल्ली फार चांगली आहे, पण ती मिरजेतच. रोज रियाज असेल तर वर्षातून एकदा जवारी लावावी लागते. त्यासाठी अख्खा तंबोरा न्यावा लागतो, नुसती घोडी पाठवून काम होत नाही, कारण घोडी त्याच तबलीवर, त्याच तारांच्या ताणाखाली ऐकून घासायची असते. मोठ्या शहरांत मिरजेचे कारागीर अधूनमधून येऊन मुक्काम करतात. खरेदीच्या वेळीच विचारून ठेवा की तुमच्या गावाकडे कोण आणि कधी येतं.

गाणं नुकतंच सुरू केलेल्या मुलाला मात्र इतक्यात घेऊ नका. त्याला अजून तंबोरा लावता येत नाही, आणि बेसूर लागलेला उत्तम तंबोरा हा कान बिघडवतो. तोवर इलेक्ट्रॉनिक तंबोरा चालेल. प्रवासासाठी गल्लीत चपटे, बिनभोपळ्याचे पेटीसारखे तंबोरे मिळतात. ते हाताळायला सोयीचे आहेत, त्यांची जवारीही चांगली लागते, पण खर्ज उथळच राहतो. घरात पहिला आणि एकुलता एक तंबोरा म्हणून तो घेऊ नये.